भंगारात काढण्याआधी

शाळेतला जुना संगणक मध्येच बंद पडू लागला की त्याच्यावर दोनच शिक्के बसतात. आधी ‘व्हायरस’, मग ‘निर्लेखन’. दुरुस्तीवाला येतो, विंडोज नव्याने टाकतो, पैसे घेऊन जातो. आठवड्याभरात तेच पुन्हा, आणि शेवटी खोलीला कुलूप. उर्दू शाळांना ते कुलूप जास्त महाग पडते, असे माझे मत आहे. आमची मुले मोबाइलवर उर्दूसुद्धा रोमन लिपीत लिहितात. नस्तालिकमध्ये टाइप करायला खराखुरा कीबोर्ड अनेकांना शाळेतच मिळतो.

डॉक्टर आधी विचारतो, ताप कधी येतो? इथेही आधी वेळ विचारावी.

सुरू केल्यावर १०-१५ मिनिटांनी बंद पडतो, लगेच चालू केला तर त्याहून लवकर पडतो आणि तासभर विश्रांती दिली की नीट चालतो? मग गरमीचा संशय घ्यावा. प्रोसेसर फार तापला, बऱ्याच चिपांत १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला, की जळू नये म्हणून संगणक आपणहून बंद होतो. कॅबिनेट उघडा, हीटसिंकवर धुळीची गादीच सापडेल. प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून, कोरड्या ब्रशने ती काढावी. खालची थर्मल पेस्ट खडूसारखी वाळली असेल तर पुसून नवी लावावी. वर्गात फळ्याखाली संगणक ठेवणाऱ्यांना खडूची भुकटी वेगळी सांगायला नकोच.

दिवे मिचकावतात त्याच क्षणी बंद पडतो? यूपीएसची बॅटरी मेलेली असू शकते. बायोसच्या पडद्यावर अर्धा तास नुसता ठेवला तरी बंद पडतो? मग विंडोज निर्दोष आहे, फॉरमॅटचे पैसे देऊ नका. इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद एवढेच सांगते की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कारण ती सांगत नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्याला फुगले असतील तर चांगला कारागीर ते बदलून देतो. तेही ठीक असतील तर दुसरा एसएमपीएस लावून पाहावा. मात्र तो डबा कुणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा दाब राहू शकतो.

बंद पडण्याची वेळ वहीत टिपण्याचे काम आठवी-नववीच्या मुलांना द्यावे. ‘हात लावू नका’ ही पाटी मी कधीच काढून टाकली असती, पण ती भिंतीवर रंगवलेली आहे!

कुणी म्हणेल, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता जुन्यावर कशाला खर्च? टायपिंगला इंटरनेट लागत नाही, आणि लिनक्स फुकट आहे.

खरोखरच निकामी ठरला तर तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावा. त्याआधी हार्डडिस्क काढून घ्या, तिच्यात मुलांचे आधार क्रमांक असतात.