फुकटचं नको, मुक्त हवं

सोलापुरात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. अब्बांची खातेवही बंद करून मी एका ओळखीच्याकडून फुकटचं, म्हणजे क्रॅक केलेलं, अकाउंटिंग सॉफ्टवेअर टाकून घेतलं. दोन वर्षांनी ते उघडेचना. कुणाकडे किती उधारी, हे पुन्हा अब्बांनाच विचारावं लागलं.

चोरीचं सॉफ्टवेअर फुकट असतं, पण आपलं नसतं. ओपन सोर्स वापरायची, तपासायची, बदलायची परवानगी उघड असते. छोट्या दुकानाला ग्नूकॅश पुरतं. नावे-जमेची दुहेरी नोंद त्यात नीट होते, मात्र जीएसटीचं रिटर्न आपलं आपण भरायचं. सूत, तयार माल, मजुरी आणि जीएसटी एकत्र हवं असेल तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बघा. त्याला जीएसटीसाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ ॲप जोडावं लागतं. सर्व्हरचा आणि बसवून देणाऱ्याचा खर्च मात्र धरून चाला.

दोस्तांनो, निवडण्याआधी एक महिन्याची बिलं भरा, सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये बाहेर काढा आणि सीएला दाखवा. जो हिशेब बाहेर काढता येत नाही, तो आपला नाही.