सुट्टी स्वस्त पडली, पण कोणाला?

परीक्षा संपल्या की आमच्या जालन्यात घरोघरी एकच विषय निघतो, ‘यंदा कुठं जायचं?’ बाहेर ऊन, नळाची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो, त्यामुळं जायचं तर सगळ्यांनाच असतं. प्रश्न येतो तो पैशांचा.

मागच्या मे महिन्यात आम्ही तिघी जावा, नवरे, मुलं अशी दहा माणसं कोकणात गेलो. हॉटेलात चार खोल्या घ्याव्या लागल्या असत्या, रोजचे 12 हजार. धाकट्या भावजींनी तोडगा काढला, “वहिनी, समुद्राजवळ बंगलाच घेऊ भाड्यानं. रोजचे 6 हजार. किचन आहे, गॅस आहे. अगदी घरच्यासारखं!”

घरच्यासारखंच झालं हो! सकाळी सातला पोहे, दुपारी वरण-भात-भाजी, संध्याकाळी मुलांना भूक लागली म्हणून भजी, रात्री पिठलं-भाकरी. मधल्या वेळेत भांडी. समुद्र मी खिडकीतून पाहिला. तिसऱ्या दिवशी मोठ्या जाऊबाई लाटणं ठेवत म्हणाल्या, “अगं, आपण जालन्याहून इथं पोळ्या लाटायलाच आलो का?” तिघी हसलो, पण ते मनात रुतून बसलं.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पुरुष मंडळी ‘मदत करू का?’ असंही विचारत होती. पण मदत म्हणजे काम मूळचं आपलंच! केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत हेच आकड्यांत दिसतं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो आणि ते करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटं. सुट्टीत गाव बदललं, ही मिनिटं काही बदलली नाहीत.

मैत्रिणींनो, आता माझ्यासोबत हिशेब मांडा. बंगल्याचे तीन दिवसांचे 18 हजार झाले, किराणा-भाजीला 4 हजार लागले. शेजारच्याच घरावर पाटी होती, ‘घरगुती जेवणाची सोय’. तिथल्या काकूंचं ताट 200 रुपयांना. दहा माणसं, दोन वेळा, तीन दिवस, म्हणजे 12 हजार. फरक पडला 8 हजारांचा, माणशी 800 रुपये. तेवढ्यासाठी तिघींची सुट्टी गेली! आणि ते 12 हजार धरूनही एकूण 30 हजारच होतात. हॉटेलात नुसत्या खोल्यांचेच 36 हजार झाले असते, जेवण वेगळंच. म्हणजे भाड्याचं घर घेणं चुकीचं नव्हतं. चुकलं ते एवढंच, की आमच्या कष्टांची किंमत आम्ही शून्य धरली.

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम त्या काकूंकडे जाऊन बसले. काम तेच, पोळी-भाजी-भात. पण त्यांच्या हातात वहीत लिहिलेला हिशेब होता, बँकेत स्वतःचं खातं होतं. त्यावर मुलीचं शिक्षण झालं, म्हणाल्या. त्यांना बघून आमच्या बचत गटातल्या बायका आठवल्या. सुगरणी तर आपल्याकडेही आहेत.

आणि आता त्यासाठी सरकारी वाटही आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. 2023 मध्ये महिलांसाठी ‘आई’ पर्यटन धोरण मंजूर झालं. त्यात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. व्यवसायाची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करावी लागते. अडचण येते ती ‘मालकीची’ या शब्दाशी. शेत सासऱ्यांच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, मग बाईच्या नावावर काय? म्हणून योजनेच्या अर्जाआधी घरात या विषयावर बोलणं झालं पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, हे खरं. पण मोसंबीच्या बागा आहेत, राजूरचा गणपती आहे, समर्थांचं जांब आहे, अंबडची मत्स्योदरी आहे. समृद्धी महामार्ग तर दारावरूनच गेलाय. मात्र उन्हाळ्याचा नाद नको. 2024 च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात गावोगावी टँकर फिरत होते, तिथं पाहुण्यांच्या आंघोळीला पाणी कुठून आणणार? दिवाळी ते संक्रांत हा आपला हंगाम. शहरातलं एखादं कुटुंब दोन दिवस मळ्यात राहिलं, हुरडा खाल्ला, तर त्यांचीही स्वस्तात सुट्टी होईल आणि शेतकरणीच्या हातात चार पैसे येतील.

आणि जाणाऱ्यांसाठी? एसटीत 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहेच. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 12 चा 5 टक्के झालाय, बिल बघून घ्या. पण घर ठरवताना ‘किचन आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘जवळ जेवण करून देणारं कोणी आहे का?’ हेही विचारा. नसेल तर निघायच्या आधीच कागदावर वार लिहा, कोणत्या दिवशी कोण रांधणार, कोण भांडी घासणार. नावं पुरुषांचीही लिहा.

यंदा आमच्या घरी तो कागद फ्रिजवर लागलाय. मंगळवार धाकट्या भावजींचा आहे. बघू या, किचनवाला बंगला त्यांना अजून तितकाच आवडतो का!