श्रेडर स्वस्त झाला, पण जुळणीचे काय?

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि बहुतेक शेती अवजारांवरील जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्यात महाडीबीटीवरून मिळणारे यांत्रिकीकरणाचे अनुदान आहेच. त्यामुळे पऱ्हाटी, तुराट्या आणि गवत कापणारे ट्रॅक्टरचलित रोटरी कटर, म्हणजे आपल्या बोलीतले स्लॅशर किंवा श्रेडर, घेण्याचा विचार अनेक शेतकरी आणि गट करत आहेत. यंत्र जरूर घ्या. पण ते नीट जुळवले नाही, तर पैसा आणि डिझेल जाऊनही मूळ काम होत नाही.

कपाशीचेच उदाहरण घ्या. गुलाबी बोंड अळी हंगामानंतर पऱ्हाटीवरील किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत राहते. म्हणून फरदड न घेता पऱ्हाटीची कुट्टी करून ती जमिनीत गाडायची असते. यंत्र उंच धरले किंवा पाती बोथट असली, तर खोड फाटते, पण बोंडे अख्खी राहतात. शेत रिकामे दिसते आणि अळी मात्र तिथेच असते.

जोडणी : यंत्राला लागणारी अश्वशक्ती आणि पीटीओचे फेरे आपल्या ट्रॅक्टरशी जुळतात का, ते आधी पाहा. बहुतेक यंत्रे 540 फेऱ्यांची असतात. पीटीओ शाफ्टची लांबी सर्वांत महत्त्वाची. यंत्र वर-खाली करून पाहा. शाफ्टच्या नळ्या कुठेही टोकाला टेकता कामा नयेत आणि एकमेकींत किमान एक तृतीयांश बसलेल्या असाव्यात. शाफ्ट लांब राहिला तर गिअर बॉक्सवर दाब येतो, आखूड झाला तर तो चालू कामात निसटतो.

समतोल : ट्रॅक्टर सपाट जागी लावा. उजवी-डावी पातळी लिफ्ट रॉडने आणि पुढची-मागची टॉप लिंकने जुळवा. गवतासाठी पुढची बाजू 1 ते 2 सेंटिमीटर खाली ठेवा. कापणी स्वच्छ होते आणि ताकद कमी लागते. पऱ्हाटीसाठी यंत्र समपातळीत किंवा मागे किंचित खाली ठेवा. माल आत जास्त वेळ फिरतो आणि बारीक होतो, मात्र इंजिनावर भार वाढतो. उंची मागच्या चाकाने किंवा बाजूच्या सरकपट्टीने ठरवा. पाती मातीला लागू देऊ नका. खडकाळ रानात उंची वाढवा.

पाती आणि तेल : पाती जोडीनेच बदला आणि दोन्हींचे वजन सारखे ठेवा. एकच बदलली तर थरथर सुरू होते आणि बेअरिंग जाते. शिअर बोल्ट तुटला तर कंपनीने सांगितलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच टाका. जास्त कडक बोल्ट टाकला तर तुटण्याची पाळी गिअर बॉक्सवर येते. गिअर बॉक्सचे तेल हंगामापूर्वी तपासा.

चाचणी : इंजिनाचे फेरे पीटीओच्या खुणेवर ठेवा आणि वेग गिअरने कमी करा, थ्रॉटलने नव्हे. दहा-पंधरा मीटर चालवून थांबा. खुंट सारख्या उंचीचे आहेत का? बोंडे फुटली आहेत का? नसतील तर वेग आणखी कमी करा किंवा मागची बाजू थोडी खाली घ्या. कुट्टीनंतर खोल नांगरट करा, म्हणजे राहिलेले खुंट फुटणार नाहीत.

सुरक्षितता : यंत्राच्या कडेच्या साखळ्या किंवा रबरी पट्ट्या आणि शाफ्टचे कव्हर अडचण होते म्हणून काढू नका. पात्याला लागलेला दगड गोळीसारखा उडतो. शेतात मुले, मजूर, जनावरे नकोत. उपरणे किंवा ओढणी मोकळी सोडून यंत्राजवळ जाऊ नका. अडकलेले काढण्यापूर्वी पीटीओ आणि इंजिन बंद करा, किल्ली काढा, पाती पूर्ण थांबू द्या. उचललेल्या यंत्राखाली भक्कम आधार लावल्याशिवाय हात घालू नका.

कृषी विभागातील सहकाऱ्यांना एक विनंती. मोका तपासणीला जाल तेव्हा बिल आणि क्रमांकासोबत यंत्र दहा मीटर चालवूनही पाहा. आणि शेतकरी मित्रांनो, यंत्र ताब्यात घेताना विक्रेत्याकडून जुळणी आपल्याच ट्रॅक्टरवर, आपल्याच शेतात करून घ्या. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत, आग्रह मात्र धरावा लागतो.