कायदा सौम्य झाला, शिक्षा का नाही? अमेरिकेतील ड्रग्ज कैद्यांच्या अपिलाचा पेच

विक्रीसाठी बाळगलेले अवघे ३.९ ग्रॅम क्रॅक कोकेन आणि जुने गुन्हे. शिक्षा १८८ महिने, म्हणजे साडेपंधरा वर्षांहून अधिक. कायदा सौम्य झाल्यावर या कैद्याने शिक्षा कमी करून मागितली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी एकमताने फेटाळली. त्याच कायद्याखाली ५० ग्रॅमवाला कैदी मात्र अर्ज करू शकतो. असे का?

१०० ला १ चे गणित

१९८६ च्या कायद्यानुसार ५ ग्रॅम क्रॅक किंवा ५०० ग्रॅम कोकेन पावडर, दोन्हींना किमान पाच वर्षांची शिक्षा होती. क्रॅक बनते त्याच पावडरीत खाण्याचा सोडा आणि पाणी घालून! या कायद्याचा फटका प्रामुख्याने कृष्णवर्णीयांना बसला. २०१० मध्ये ५ ग्रॅमची मर्यादा २८ वर आणि दहा वर्षांच्या शिक्षेसाठीची ५० ग्रॅमची मर्यादा २८० वर नेली गेली. मात्र आधीच शिक्षा झालेल्यांना त्याचा लाभ नव्हता. ती दारे डिसेंबर २०१८ च्या ‘फर्स्ट स्टेप’ कायद्याने उघडली.

मग ३.९ ग्रॅमवाला बाहेर का?

कारण ५ ग्रॅमच्या खालच्यांना किमान शिक्षेची सक्ती आधीही नव्हती. त्यांचे कलम २०१० मध्ये बदललेच नाही, म्हणून सवलतही नाही, असे न्यायालयाने सांगितले. कायद्याच्या शब्दांत हे बसते. पण सर्वांत लहान विक्रेताच वगळला गेला.

अपिलात किती दम?

पात्र ठरले तरी शिक्षा घटेलच असे नाही. ‘न्यायालयावर सक्ती नाही’, असे कायद्यातच आहे. अर्ज गुणवत्तेवर फेटाळला गेला, तर पुन्हा अर्ज करता येत नाही. त्यामुळे अपील हाच मार्ग उरतो आणि त्याची नोटीस साधारणपणे १४ दिवसांत द्यावी लागते. तुरुंगातून वकील शोधणाऱ्यासाठी ही मुदत तुटपुंजीच. शिवाय वरिष्ठ न्यायालय नव्याने शिक्षा ठरवत नाही. खालच्या न्यायाधीशाने अधिकाराचा गैरवापर केला का, एवढेच पाहते.

जून २०२२ च्या कन्सेप्सियन खटल्याने थोडी वाट रुंद केली. तुरुंगातील सुधारणा, नंतर बदललेले नियम हे मुद्दे न्यायाधीश विचारात घेऊ शकतात, असा निकाल ५-४ ने लागला. मुद्दे मांडले गेले, तर त्यांचा विचार झाल्याचे निकालात दिसले पाहिजे. पटले पाहिजेत, असे नाही. म्हणजे तुरुंगातील प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे पहिल्या अर्जालाच जोडणे शहाणपणाचे. अपिलात ती नव्याने पुढे करून सहसा उपयोग नसतो.

भारतात काय झाले?

आपल्या एनडीपीएस कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने प्रमाणानुसार शिक्षा आली. हेरॉइनचे ५ ग्रॅमपेक्षा कमी ते ‘अल्प’, २५० ग्रॅमपेक्षा अधिक ते ‘व्यावसायिक’ प्रमाण ठरले. खटला सुरू असलेल्यांना लाभ मिळाला; अपील प्रलंबित असलेल्यांना नाही. बशीर विरुद्ध केरळ राज्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. थोडक्यात, ज्याचा खटला रखडला तो फायद्यात राहिला आणि ज्याचा लवकर निकाली निघाला तो जुन्या शिक्षेत अडकला.