परदेशची पेटी

वर्ध्याच्या मगन संग्रहालयातील चरखे पाहताना आम्हांस १९३१ सालची गोष्ट आठवते. गोलमेज परिषदेस 'राजपुताना' बोटीने निघालेल्या गांधीजींनी सोबत्यांच्या पेट्यांचा पसारा पाहून जास्तीचे सामान एडनहूनच परत धाडविले. चरखा तेवढा विलायतेस पोहोचला.

आम्हांस हे शहाणपण उशिरा सुचले! सूनबाई अमेरिकेस निघाल्या तेव्हा आम्हीच कौतुकाने नवा मिक्सर बांधून दिला. आपली वीज २३० व्होल्टची, तिकडील १२० ची. तो तेथे नुसता कण्हतो. चटणीसाठी त्यांस दुसरा घ्यावा लागला. खरेदीपूर्वी यंत्रावरील पाटी वाचावी. '१००-२४०' असा आकडा असल्यास तिकडच्या खाचांत बसणारा जोडप्लग पुरतो. पॉवर बँक विमानात हातपिशवीतच ठेवावी. सामानात दिलेल्या पेटीत ती चालत नाही.