त्या ‘पण’चं काय करायचं?

मंडळी, गेल्या महिन्यात आमचा धाकटा भाऊ गेला. दहाव्याला देवणीत पाव्हणेरावळे जमले. जो तो एकच वाक्य बोलत होता, "शिकला नाही, पण हातात जादू होती हो!" मायेनंच बोलत होते, म्हणून ऐकून घेतलं. घरी आल्यावर मात्र राग आला. माणसांचा नव्हे, त्या ‘पण’चा. पस्तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलंय, एवढंसं अव्यय किती खोल घाव घालतं ते मला कळतं.

शिकला नाही म्हणजे काय? डिझेल इंजिनाचा आवाज बांधावरून ऐकून तो सांगायचा, नोझल गेलंय की व्हॉल्व्ह. खोलून पाहिलं की तेच निघायचं. हे कोणी गर्भातून शिकून येतं का?

आपण ज्यांचे गोडवे गातो ते लक्ष्मणराव किर्लोस्करच घ्या. जन्म १८६९, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक, मुलाचं मन मात्र शाळेत रमेना. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, तर काही रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून तीही सोडावी लागली. मग यंत्रांची रेखाचित्रं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तीच शिकवू लागले. बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून बेळगावला परतले. तिथं भाऊ रामुअण्णा सायकलींचं दुकान सांभाळत होते. पुढे त्याच दोघा भावांनी कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला.

आमच्याकडची काळी जमीन आणि देवणी बैलांची जोडी ज्यांनी पाहिलीय त्यांना या नांगराचं मोल सांगायला नको. लाकडी नांगर माती फोडतो, लोखंडी नांगर ती पालथी घालतो. पण शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन विषारी होईल! पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली म्हणतात.

आता कोणी म्हणेल, "मास्तर, ते मोठे उद्योगपती झाले, त्यांची गोष्ट वेगळी." माझं भांडण तिथंच आहे. नांगर कोणी घेईना त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांची बुद्धी कमी होती, आणि खपू लागल्यावर वाढली, असं आहे का? आपण हाताला नमस्कार करतच नाही, नंतर आलेल्या पैशाला करतो. ज्याच्याकडे पैसा आला नाही त्याच्या वाट्याला ‘पण’ येतो.

आणि दुसरं. बुद्धी एकीकडे आणि घरदार दुसरीकडे, अशी वाटणीही खोटी. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव गेले ते भाऊ, बायकामुलं आणि कामगारांची कुटुंबं यांच्यासह. किर्लोस्करवाडी वसली ती अशी. पुतणे शंकररावांनी १९२० मध्ये सुरू केलेलं मासिक महाराष्ट्रभर वाचलं गेलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून १९२६ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन आला, तो त्याच वाडीत कामाला लागला. जो माणूस यंत्राचा सुटा भाग जपून ठेवतो, तो माणसंही तशीच जपतो, असं मला वाटतं.

आमचा धाकटाही तसाच. किर्लोस्करांइतका मोठा नव्हे, हे मला कळतं. देवणी-उदगीरच्या पलीकडे त्याला कोणी ओळखत नव्हतं. पण सातवीनंतर त्यानं शाळा सोडली ती डोकं नव्हतं म्हणून नव्हे. घरात एकाचीच फी निघत होती, आणि मी थोरला होतो. माझी बीएची शेवटची दोन वर्षं त्याच्या ग्रीस लागलेल्या नोटांवर झाली. दोन्ही बहिणींची लग्नं त्यानं केली. वहिनी आजारी पडली तेव्हा दिवसभर पाने आवळून आलेल्या त्याच हातांनी तो भाकरी थापायचा.

आणि मी काय केलं? वर्गात पोरांना दटावायचो, "अभ्यास करा, नाहीतर गॅरेजात पाने आवळत बसाल!" चार गल्ल्या पलीकडे माझा भाऊ माझ्या घरासाठी पाने आवळत बसलेला असायचा. एखादा विद्यार्थी हे त्याला सांगत असणार. तो मला कधी बोलला नाही.

असो. आता बोलून काय उपयोग, असं म्हणाल. उपयोग आहे. नातवंडं ऐकताहेत. तुमच्याही घरात एखादा असा असेल, फॅन, मोटारसायकल खोलून बसणारा, आणि मार्कांवरून बोलणी खाणारा. त्याच्याशी बोलताना हे आठवा.

नातेवाईक मंडळींना एकच विनंती. वर्षश्राद्धाला याल तेव्हा त्याच्याबद्दल जरूर बोला. फक्त पहिले दोन शब्द आणि तो ‘पण’ गाळून बोला.

तो शिकलेला होता. शाळा माझी कमी पडली.