गार्नेट पळाला नव्हता
खेळाडूंच्या अदलाबदलीचा मोसम आला की ‘संघ बुडत असताना हा निघाला’ ही ओरड ठरलेली. केविन गार्नेटलाही ती ऐकावी लागली. 1995 मध्ये शाळेतून थेट एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये आलेला हा पोरगा मिनेसोटा टिम्बरवुल्व्हजसाठी 12 मोसम राबला. संघाने काय केलं? जो स्मिथ या खेळाडूशी नियम डावलून, चोरून करार. 2000 मध्ये तो उघडकीस आला आणि लीगने नवोदित खेळाडूंच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीतल्या पाच निवडींचा हक्कच काढून घेतला. दोन पुढे परत मिळाल्या, पण गार्नेटच्या ऐन उमेदीत ताज्या दमाचे खेळाडू यायची वाट बुजली. 2004 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोचला. नंतरची तीन वर्षं प्लेऑफसुद्धा नाही. 2005 मध्ये टीव्हीवर माजी प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन यांच्याशी बोलताना हा जवळपास सात फुटी गडी रडला. पैसा बक्कळ होता; हरणं सोसवत नव्हतं. जुलै 2007 मध्ये तो बॉस्टनला गेला, ते योग्यच केलं. त्याच मोसमाअखेर, 2008 मध्ये, बॉस्टन विजेता ठरला. मिनेसोटाला पुन्हा प्लेऑफ दिसायला 2018 साल उजाडावं लागलं.